जिराफाच्या गल्लीतली तिसरी खिडकी

मृत्यू समोर दिसू लागला की माणूस अंतर्मुख होतो, आयुष्याचं सार शोधू लागतो, असं जाणकार सांगतात. मी कार्टून लावलं.

तसा मृत्यू अगदी समोर वगैरे नव्हता. आमच्या खात्यात वर्षातून एकदा तब्येत तपासतात, त्यात माझ्या छातीच्या फोटोत उजवीकडे वाटाण्याएवढा डाग निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काहीही असू शकतं." मी तेवीस वर्षं लिफ्टा तपासतोय. हे वाक्य आम्ही लोकांना केव्हा ऐकवतो ते मला चांगलं ठाऊक आहे. मग मोठं स्कॅन झालं, रक्त काढून झालं, रिपोर्टला दहा दिवस लागतील असं कळलं आणि तोवर उंचावर चढायचं नाही म्हणून मला घरी बसवण्यात आलं.

तिसऱ्या दिवशी ताईचं पार्सल आलं. ती दुसऱ्या शहरात असते. पार्सलात 'दिवेवाला जिराफ'चे सव्वीसच्या सव्वीस भाग होते, नव्या डिस्कवर. तसाच एक संच तिने स्वतःलाही घेतला होता.

"बाळ्या, रोज थोडं थोडं बघ. रडत बसू नकोस," ती फोनवर म्हणाली.

"मी कुठे रडतोय?"

"मग मी रडतेय. बघ म्हटलं ना!"

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. टोपी घातलेला एक जिराफ रोज संध्याकाळी एका गल्लीतले दिवे लावत जातो. शिडी लागत नाही, हा त्याचा मोठेपणा. प्रत्येक दिव्याखाली कुणीतरी रडगाणं घेऊन उभं असतं. उंदराचा बूट हरवलेला, कोंबडीचं घड्याळाशी भांडण. जिराफ ऐकून घेतो, "हंऽऽ" म्हणतो आणि पुढे जातो. लहानपणी आम्ही दोघं श्वास रोखून बघायचो. एक्कावन्नाव्या वर्षी लक्षात आलं की जिराफ कुणाचंच काही करत नाही. आमच्या साहेबांची आठवण झाली.

गल्ली मात्र सुंदर रंगवली होती. एकच लांबलचक चित्र दर भागात सरकवायचं, असा काटकसरीचा मामला. तिसऱ्या घरासमोरचा दिवा लागला की वरच्या मजल्यावरची एक खिडकी उजळायची. पडदा हिरवा, ओढलेला. सहा भाग तो तसाच होता. सातव्यात पडदा बाजूला झाला आणि आत एक खुर्ची दिसली.

आता हे इतर कुणाच्या नजरेत आलं नसतं. पण दर वेळी सारखंच असायला हवं ते सारखं आहे की नाही, एवढंच पाहण्याचा मला पगार मिळतो. मी डिस्क मागे नेली. सहावा भाग: पडदा. सातवा भाग: खुर्ची.

नवव्या भागात खुर्चीत माणूस आला. चौकटीचा शर्ट, पोट जरासं पुढे. बाराव्यात त्याच्या डाव्या बाहीची घडी कोपरापर्यंत वर केलेली होती आणि कोपराच्या खळगीत चिकटपट्टी होती. मी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. रक्त काढलेल्या जागी चिकटपट्टी होती.

बायकोला हाक मारली. ती हात पुसत आली, वाकून पाहिलं.

"माणूस आहे. खिडकीत माणसंच असतात."

"माझ्यासारखा नाही वाटत?"

"छे. तुझ्यापेक्षा बरा दिसतोय."

आमच्या कामाचा छापील तक्ता असतो. तीन रकाने: ठीक, नापास, पाहिलं नाही. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही ते तिसऱ्या रकान्यात, मग इमारतीचा पहारेकरी कितीही शपथा घेवो. मी वहीत तसे रकाने आखले आणि खिडकीची तपासणी सुरू केली. घाबरलेल्या माणसाने काहीतरी आखावं. बरं वाटतं.

पंधराव्या भागाच्या दिवशी पुन्हा रक्त काढायचं होतं. डाव्या हाताची शीर सापडेना, म्हणून उजव्यातून काढलं. घरी येऊन भाग लावला. चिकटपट्टी उजव्या हाताला होती. बारावा भाग पुन्हा लावला, तिथे ती डाव्याच हाताला होती. म्हणजे हा आरसा नव्हता. आरसा असता तर मी समजून घेतलं असतं. हे सगळं चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी बसून रंगवलेलं होतं.

अठरावा लावण्याआधी मी एक शक्कल लढवली. माझी खुर्ची उचलून खोलीतल्या उभ्या दिव्याच्या दुसऱ्या बाजूला ठेवली आणि पायात बायकोच्या जांभळ्या सपाता घातल्या. चित्रातली खुर्चीही त्या खोलीतल्या उभ्या दिव्याच्या पलीकडे गेली होती. त्याच्या सपाताही जांभळ्या होत्या.

मी ताईला फोन केला.

"अठरावा भाग लाव. तिसरं घर, वरची खिडकी. कोण दिसतंय?"

तिकडे खुडबुड झाली. "हां, दिसली. बाई आहे."

"बाई?"

"बाईच. कपाळावर चष्मा चढवलाय आणि सगळ्या खोलीभर चष्माच शोधतेय. काय निरीक्षण आहे रे या लोकांचं! थांब, नीट बघू दे. अगं बाई, माझा चष्मा कुठे गेला? आत्ता तर इथेच..."

मी म्हटलं, "कपाळावर बघ."

"अय्या! तुला कसं कळलं?"

मी तिच्या नातवंडांसारखा विषय बदलला. तिला रक्तदाब आहे.

चोविसाव्यात तो माणूस पुढे वाकून खोकत होता. मीही. पंचविसाव्यात त्याने खुर्चीच्या हातावर हात टेकवला होता आणि तो उठत होता. पुरता उठला नव्हता. जिराफ "हंऽऽ" म्हणाला आणि पुढच्या दिव्याकडे गेला.

सव्विसाव्यात काय असणार हे कळायला लिफ्टचं शिक्षण लागत नाही. खुर्ची रिकामी असणार. मी डिस्क डबीत घातली, डबी कपाटात, आणि वहीत तिसऱ्या रकान्यात सव्वीस लिहिलं. पाहिलं नाही.

"अकरा मिनिटांचं कार्टून आहे," बायको म्हणाली. "त्याने माणूस मरत नाही."

"रिपोर्ट येऊ दे, मग बघू."

"आणि रिपोर्ट वाईट आला तर?"

"तर बघणार नाही."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला काही विनोद सुचला नाही. माझ्या बाजूला खुर्ची ओढून बसली आणि बराच वेळ माझ्या शर्टाचं सुटू पाहणारं बटण पिरगाळत राहिली.

दहाव्या दिवशी सकाळी पावणेबाराला फोन आला. डॉक्टरीणबाईच होत्या.

"लहानपणी कधी छातीचं दुखणं झालं होतं का?"

झालं होतं. आठवीत असताना न्यूमोनिया. दीड महिना अंथरुणात.

"त्याचाच जुना व्रण आहे तो. बाकी छाती स्वच्छ आहे. सोमवारपासून कामावर जा."

मी फोन ठेवला. बायकोने माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मी सांगायच्या आतच ती रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "दहा दिवस घर डोक्यावर घेतलंस मेल्या." मी हसलो. छातीत एवढी हवा मावते हे मी विसरूनच गेलो होतो.

दुपारी आम्ही दोघांनी मिळून सव्विसावा भाग लावला. आता भ्यायचं काही कारण नव्हतं.

पहिला दिवा लागला. दुसरा लागला.

तिसरा लागला. पडदा उघडा होता. खुर्ची रिकामी होती.

मी चित्र तिथेच थांबवलं.

"बघ," मी म्हटलं. "नाहीये तो."

बायको चष्मा सावरून पुढे सरकली. तिने बराच वेळ खिडकी न्याहाळली.

"कामावर गेला असेल. सुट्टी संपली असेल त्याची."

हे मला का सुचलं नव्हतं कुणास ठाऊक. मी जोरात श्वास सोडला. गेला असेल कामावर! माणसं जातात कामावर. मी वही उघडली, तिसऱ्या रकान्यातलं सव्वीस खोडलं आणि पहिल्यात लिहिलं. ठीक.

"फक्त डबा विसरलाय," बायको म्हणाली. "तो बघ, टेबलावर तसाच आहे."

जिराफाने शेवटचा दिवा लावला, टोपी काढली, नावं आली.

सोमवारी मी कामावर गेलो. डबा घरीच राहिला.