मिळालं, सोड

दुपारची जेवणं उरकली होती. ताटं बाजूला सारून लेक त्याच टेबलावर कामाला बसली, आणि अप्पा नेहमीसारखे शेजारच्या खुर्चीत टेकले. त्यांचा जन्म टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेलेला. लेकीचं काम त्यांना सगळं कळत नसे, पण थोडं कळे.

एका मोठ्या इस्पितळाच्या रक्तसाठ्याच्या नोंदी तीन सर्व्हर मिळून सांभाळत. सर्व्हर भाड्याचे, दूरच्या कुठल्याशा कंपनीतले. लेक त्याला क्लाउड म्हणे, अप्पा म्हणत, "तुझे ढगातले तिघे." ते तिघे सारखे एकमेकांना विचारत, आहेस का? आहे. ओळीनं तीनदा उत्तर आलं नाही, की उरलेले दोघे त्याला मेला समजून यादीतून काढत आणि काम पुढं चालवत.

त्या दुपारी तिसरा अर्धवट झाला. 'आहे' म्हणे, पण नोंद घेईना. तो 'आहे' म्हणतोय तोवर बाकीचे दोघे त्याच्यासाठी खोळंबलेले. तिकडं ऑपरेशनला घेतलेली एक बाई, आणि तिच्या गटाचं रक्त कुठं ठेवलंय ते कुणाला दिसेना.

"दहा मिनिटं द्या," लेक फोनवर म्हणाली.

तिला वाटलं, नेटवर्क कार्ड बिघडलंय. ते तिनं इथूनच हुकूम देऊन बंद करून चालू केलं. मग काढूनच टाकलं. शेवटी अख्खा सर्व्हर पुसला.

"बसेल आता गप्प."

पडद्यावर ओळ उमटली. आहे.

"पुसलास ना गं?"

"पुसला हो अप्पा. तिथं काही उरलंच नाही."

अप्पा पुढं वाकले. "उत्तर यायला वेळ किती लागतोय?"

तारेतून सोडलेला ठोका किती वेळानं परत येतो, त्यावरून तार कुठं तुटलीय ते सांगणारा माणूस. त्याला दुसरं काय सुचणार!

"मघाशी नव्वद मिलिसेकंद होता. आता साठ... तीस..."

"म्हणजे जवळ येतंय."

"असं नसतं हो काही," लेक म्हणाली, पण तिचा आवाज उतरला होता. "अकरा... चार..."

खोलीत तापल्या तारेचा आणि खांबाच्या डांबराचा वास भरला. लेकीला तो वास ठाऊक नव्हता. अप्पांना होता.

त्यांचा एक जोडीदार होता. अप्पा तारेच्या या टोकाला, तो त्या टोकाला. दोघांची रीत ठरलेली. त्यानं खांबावर तार धरून 'आहे' म्हणत राहायचं, आणि अप्पांनी "मिळालं, सोड" म्हटल्याशिवाय हलायचं नाही. एका दुपारी तार मिळाली आणि अप्पा भुकेच्या नादात तसेच जेवायला निघून गेले. सोड म्हणायचं राहिलं. जोडीदार भर उन्हात दीड तास खांबावर उभा राहिला आणि चक्कर येऊन खाली पडला, तो गेलाच. हे अप्पांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

"अप्पा... एक," लेक कुजबुजली. "अप्पा, शून्य."

अप्पा उठले. टेबलाचा कोपरा धरून, पडद्याकडे नाही, दाराकडे बघत हळूच म्हणाले, "मिळालं रे. सोड आता."

ओळी थांबल्या. एक, दोन, तीन वेळा उत्तर नाही. उरलेल्या दोघांनी तिसऱ्याचं नाव काढलं आणि कामाला लागले. फोनवर इस्पितळाचा माणूस म्हणाला, "दिसलं, दिसलं! सापडलं रक्त." बाई वाचली.

लेकीनं फोन ठेवला. ती अप्पांचा हात हातात धरून बसली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला. पुसलेल्या त्या पत्त्यावरून एक ओळ आली होती. उत्तर नव्हतं, प्रश्न होता, आणि सर्व्हरना नाही, सरळ या घराला. आहेस का?

"चुकून आली असेल," ती म्हणाली. तिनं उत्तर दिलं नाही.

काल त्याच वेळेला पुन्हा आली. कालही दिलं नाही.

आज तिसरा दिवस, आणि प्रश्न ओळीनं तिसऱ्यांदा आलाय. ताटं तशीच पडलीत. लेकीची बोटं बटणांवर आहेत आणि ती अप्पांच्या तोंडाकडे बघतेय. खोलीत डांबराचा वास येऊ लागलाय.

"अप्पा... काय कळवू?"