उजव्या बाजूची पोरगी

रविवारी दुपारी ग्रासिया वस्तीच्या चौकात शेजारीपाजारी व्हर्मूत वाइनचे पेले आणि ऑलिव्ह घेऊन बसले होते. किर्झेने रेमेईसमोर क्रीमची एक बिनलेबलची डबी आपटली. जन्मभर प्रयोगशाळेत सुरकुत्यांवरच्या क्रीममधली पेप्टाइडं ढवळून तो निवृत्त झाला होता. तोंड तेवढं निवृत्त व्हायचं राहिलं होतं.

"महिनाभर लाव. उजव्याच बाजूला. आमच्याकडे तपासणी अशीच व्हायची. अर्ध्या चेहऱ्याला लावायचं, अर्धा सोडायचा."

"मेल्या, दमडीचा फरक पडणार नाही."

"लाव पैज! पडला तर तू केसांना कर्लर लावून इथे एकटीने सरदाना नाचायचा. नाही पडला तर मी नाचतो, तुझा गाऊन घालून!"

सरदाना हातात हात धरून, रिंगण करून नाचतात. एकट्याने तो नाचणं म्हणजे एकट्याने फुगडी घालणं. सगळे खिदळले. रेमेई नाही.

तिच्या शेजारी तिचा नवरा फेलिउ तोंडात ऑलिव्हची बी घोळवत बसला होता. हल्ली तो सगळं विसरायचा. रोज सकाळी तिच्याकडे परक्यासारखा बघायचा, मग तिच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्यांवरून अंगठा फिरवायचा. म्हणायचा, "अगं, तूच होय!" त्या सुरकुत्या त्याच्याच विनोदांनी पाडलेल्या. म्हणून ती उजव्या बाजूला तयार झाली. डावीला मुळीच झाली नसती.

महिना संपायच्या आत चेहऱ्याची उजवी बाजू विशीतल्या पोरीसारखी नितळ झाली.

आणि फेलिउ तिच्या उजवीकडे बसायला लागला. हळू आवाजात बोलायचा, लाजायचा.

"कुणाशी कुजबुजतोस रे?"

"हळू! बुजेल ती. म्हणते, लग्नाच्या आदल्या दिवशी तिकीट काढून स्टेशनवर बसली होती. पण परत आली. माझ्यासाठी."

रेमेईने हातातला कप खाली ठेवला. हे तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

तिने क्रीम बंद केलं. सुरकुत्या काही परत येईनात. आणि डाव्या बाजूला अंगठा फिरवणं फेलिउ विसरूनच गेला. सकाळी तो उजवीकडे बघून हसायचा आणि रेमेईला "बाई" म्हणायचा.

ती किर्झेच्या दारात उभी राहिली. त्याने तिचा चेहरा उजेडाकडे वळवला, आणि त्याचं हसू मावळलं.

"रेमेई, त्यात पेप्टाइड नव्हतंच गं. नुसतं साधं मलम होतं. मला हरायचं होतं. किती दिवसांत हसली नाहीस तू. म्हटलं, गाऊनमध्ये नाचलो तर हसशील."

"पण फरक तर पडला ना? मग हरले मी."

पुढच्या रविवारी ती कर्लर लावून चौकाच्या मधोमध आली. दोन्ही हात वर धरले. पाय पुढे, पाय मागे. शिट्ट्या, टाळ्या. किर्झेने मान खाली घातली होती.

फेलिउ उठला. चालत आला. तिचा डावा हात धरला. डाव्या डोळ्यापाशी अंगठा थबकला, मग फिरला.

"अगं, तूच होय!"

रेमेई हसली. खळखळून.

फेलिउ मात्र तिच्या पलीकडे बघत होता. "ये की तूही," तो मायेने म्हणाला.

तिचा उजवा हात अजून हवेतच होता.

त्यात हळूच बोटं गुंफली गेली. कोवळी, गार. आणि रिंगण फिरायला लागलं.