मोठं होत जाणारं अक्षर

रविवारी दुपारी बाबांनी एडिटरमधलं अक्षर एका मापाने मोठं केलं आणि त्यांचा स्क्रीनवरचा पत्त्यांचा अर्धा डाव विंडोखाली गडप झाला.

“अगं ए, इकडे ये!” त्यांनी खोलीतून हाक मारली. “तुझ्या सॉफ्टवेअरने माझी राणी गिळली!”

एडिटर म्हणजे नुसतं लिहायचं सॉफ्टवेअर. ते मी स्वतः बनवलं होतं. फाँट वाढवला की विंडोही त्याच प्रमाणात वाढायची, म्हणजे एका ओळीत जितके शब्द होते तितकेच राहायचे. मला हे रास्त वाटायचं. बाबांना नाही. त्यांचा सारा जन्म दातांच्या दवाखान्यात गेला होता.

“दाढ मोठी आली म्हणून जबडा वाढवतं का कोणी?”

“विंडो तेवढीच ठेवली तर ओळी तुटतात, बाबा.”

“तुटू देत. आहे त्या जागेत बसवायचं. मी आयुष्यभर तेच केलं.”

“म्हणून तर पेशंट ओरडायचे,” पलंगावर पेपर वाचता वाचता आई म्हणाली.

हसून झाल्यावर बाबांनी चष्मा पुसला. “माझं सोड गं. तुझ्या बाकीच्या गिऱ्हाइकांचा विचार कर.”

बाकीची गिऱ्हाइकं नव्हतीच. बाबांची नजर उतरत चालली होती, विकतच्या सॉफ्टवेअरमधली बारीक बटणं त्यांना दिसेनात, म्हणून मी हा खटाटोप केला होता. पण कुणी कीव करून दिलेली काठीसुद्धा त्यांनी परत धाडली असती. तेव्हा मी थाप मारली होती की हे विकायचं आहे, तुम्ही फक्त वापरून चुका काढा. ते मनापासून चुका काढायचे. खरं सांगायचं मी पुढे ढकलत राहिले. आमच्या घरात थट्टा सोडून दुसरी भाषा फारशी चालत नसे.

सोमवारी सकाळी ते उठले नाहीत.

त्यांनी एडिटरमध्ये लिहिलेल्या पेशंटांच्या गमती नातेवाइकांसाठी छापून घ्याव्यात, म्हणून काही आठवड्यांनी मी त्यांचा कॉम्प्युटर सुरू केला. विंडो रविवारी होती त्याहून मोठी होती. थोडीच, पण होती.

“आई, तू याला हात लावलास?”

“मी? तो सुरू कुठून होतो तेही मला ठाऊक नाही.”

दुसऱ्या दिवशी ती आणखी वाढली. एखादं बटण अडकलं असेल म्हणून मी कीबोर्ड काढून कपाटात ठेवला. मग अक्षराच्या मापाचं सेटिंग बंद करून टाकलं. कुठलाही प्रोग्रॅम ते बदलू शकणार नाही, असं. विंडो वाढतच राहिली. होता होता तिच्या कडा स्क्रीनबाहेर गेल्या.

अखेर मी हात टेकले आणि नियमच बदलला. अक्षर कितीही मोठं होवो, विंडो जागची हलणार नाही. ओळी तुटल्या तर तुटल्या.

“जिंकले शेवटी,” आई म्हणाली. “हट्टी मेले!”

आपण काय बोललो ते कळून तिने तोंडावर हात ठेवला. मग आम्ही दोघी पोट धरून हसलो, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा.

विंडो जागची हलली नाही. अक्षर मात्र वाढत राहिलं. रोज सकाळी त्या चौकटीत आदल्या दिवसापेक्षा कमी मजकूर मावू लागला. अर्धी गंमत. मग एक वाक्य. मग दोन-तीन शब्द.

माझी चूक कुठे झाली ते मी शोधत बसले होते. आईने चहा माझ्यापुढे ठेवला आणि डोळे बारीक करून, स्क्रीनकडे बघत, एकेक पाऊल मागे सरकत ती दारापर्यंत गेली.

“इथून कसं छान दिसतंय,” ती म्हणाली. “लांबून वाचत असतील गं. रोज थोडं आणखी लांबून.”

बाहेर ऊन पडलंय, असं सांगावं तितक्या सहज ती हे म्हणाली आणि कपडे वाळत घालायला निघून गेली.

मी कीबोर्ड पुन्हा जोडला. मजकुराच्या शेवटी जाऊन खरं काय ते लिहायला घेतलं. विंडोत ‘बाबा’ एवढंच मावलं. पुढचा शब्द लिहिण्याआधी अक्षर माझ्या डोळ्यांदेखत वाढलं आणि नुसता एक ‘बा’ उरला.

त्याचाही काना चौकटीबाहेर जाऊ लागला.

“बाबा,” मी मोठ्याने म्हणाले.

वाढणं थांबलं.

“बाबा, थांबा ना जरा.”

‘बा’ लहान झाला. शेजारी दुसरा ‘बा’ दिसू लागला. मग वाक्य आलं, मग अख्खी गंमत. अक्षर रविवारच्या मापावर आलं. मला वाटलं, आता थांबेल.

थांबलं नाही.

ते बारीक होत गेलं, आणखी बारीक. सगळी पानं मिळून विंडोच्या कोपऱ्यात करड्या डागाएवढी झाली. एवढं वाचायचं तर बाबांना काचेला नाक टेकवावं लागलं असतं.

मी खुर्ची मागे घेतली नाही. आवाज चढवायचीही आता गरज नव्हती.

“दुसरं गिऱ्हाईक कधी नव्हतंच,” मी म्हणाले. “हे मी तुमच्यासाठीच केलं होतं, बाबा.”