अभिमन पोचेपर्यंत

घरातलं माणूस प्रवासाला निघालं, की ते मुक्कामी पोचेपर्यंत केर काढायचा नाही. जाणाऱ्याचं पाऊल पुसलं जातं. धुळ्याच्या देवपुरात शेवंताबाईंनी हे जन्मभर पाळलं होतं. जळगावला कोणी गेलं तर सोपं असायचं. एस.टी. केव्हा पोचते हे पोराटोरांनाही ठाऊक. पण त्यांचा एकुलता एक अभिमन दुबईला निघाला होता. विमानानं.

देवाला नमस्कार करून तो रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेला. ओसरीवरच्या वैशाखाच्या धुळीत त्याची अनवाणी पावलं तशीच राहिली, दाराकडे गेलेली. उजव्या पायाचा अंगठा बाहेर वळलेला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सुनेचे, कुंदाचे, आईवडील पिंप्राळ्याहून यायचे होते. घरभर धूळ. दिवा लागल्यावर तर झाडू हाती धरायचा नाही.

"नाना, पोचला असेल का हो?" शेवंताबाईंनी शेजारच्या दुकानदार झुलालनानांना विचारलं.

नाना हसले. "अक्का, दुपारीच उडणार होतं ना? मग पोचलाच. एस.टी. नाशिक गाठेपर्यंत विमान समुद्रापार. मालेगावला चहाले थांबाले ती काय लाल गाडी शे?"

शेवंताबाईंनी भीतभीत ओसरी झाडली. उंबऱ्याजवळचं पाऊल घटकाभर ठेवलं. मग तेही झाडलं.

तेव्हाच वर विमानाची घरघर ऐकू आली. विमानं येतात आणि जातात. ही घरघर मात्र कौलांवरच थांबून राहिली. व्याही आले, जेवले, निजले, तरी थांबेना.

"कसली घरघर, बाई?" कुंदा म्हणाली. "मला तर काहीच..."

तिसऱ्या दिवशी नानांच्या दुकानात फोन आला.

"माय, सुखरूप शे मी. विमानच उशिरा उडालं. दिवे लागल्यावर."

शेवंताबाईंनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. "जेवलास का रे?"

"जेवलो. माय..." आवाज खाली आला. "इथं बठ्ठी रेतीच शे, जिकडं पाहावं तिकडं. बाकीचे चालतात, त्यांची पावलं उमटतात. माझी..."

"तुझी काय?"

"माझी उमटत नाहीत, माय. तू केर तर नाही ना..."

फोन तुटला.

त्या धावतच घरी आल्या. दारात पोचल्या आणि घरघर एकदम थांबली. कुंदा झाडू घेऊन भिंतीशी अंग चोरून उभी होती.

"आत्ताच झाडली होती मी ओसरी..."

उंबऱ्यापासून पावलं आत आली होती. अंगठा बाहेर वळलेला. शेवंताबाईंनी वाकून बोट लावलं. रेती होती. पांझरा नदीतली काळी नव्हे, पिवळी. आणि अजून गरम.

पावलं चुलीजवळच्या अभिमनच्या पाटापर्यंत गेली होती. परत फिरलेलं एकही नव्हतं.

"बाई... झाडू का?" कुंदानं कसंबसं विचारलं.

शेवंताबाईंनी तिच्या हातातून झाडू ओढून घेतला. तेवढ्यात रिकामा पाट करकरला, कोणी दमून टेकावं तसा.