ठिबकणारी तोटी

काष्टीच्या महिला गटाच्या शेडमध्ये सॉसच्या तीस बाटल्या ओळीनं उभ्या होत्या, आणि एकीची पातळी दुसरीशी जुळत नव्हती. शेजारच्या फिलिंग मशीनची तोटी अजून ठिबकत होती.

"ह्ये स्नेहलचंच काम," गटाच्या अध्यक्षा रंगुबाई म्हणाल्या. "कालचं मशीन तिच्या भावानं दाखवायला आणलं हुतं. गटानं तेच घ्यावं म्हनून आजचं बिघडवलं. पाचच्या बैठकीत गटातनं तिचं नाव कमी करायचं."

गाव ज्यांना नाना म्हणे, त्या मच्छिंद्रमामांनी खिशातली तुळशीची काडी नकळत कुस्करली. स्नेहलचं नाव पहिल्यांदा त्यांनीच घेतलं होतं. मशीनच्या वरच्या भांड्याचं झाकण उघडून उभी असलेली ती त्यांना दिसली, आणि त्यांनी सांगून टाकलं. मग पोरीचा चेहरा पाहिला आणि घास उतरेना. म्हणून तर त्यांच्या हातचं जेवून मोठी झालेली भाची, नगरला खासगी तपास करणारी पंकजा, हिला त्यांनी तातडीनं बोलावलं. ते तिच्या तपासात नेहमीच सोबत असत. फक्त तिला चुटकीसरशी उमगलेलं त्यांना दुसऱ्या दिवशी उमगे.

पंकजानं आधी आजचं मशीन दाखवायला आलेल्या करणला गाठलं. "मापाची चकती कुणी फिरवली का?"

"नाही ताई. तसं असतं तर सगळ्या बाटल्या सारख्याच कमी भरल्या असत्या. सकाळी नुसत्या पाण्यावर तर मशीन बिनचूक चाललं."

"उघडून पाहिलंस?"

"रंगुबाईंनी बैठकीपर्यंत हात लावू दिला नाही."

स्नेहल कोपऱ्यात बसली होती. "सॉस मीच ओतला, ताई. झाकण मीच उघडलं. पन त्याआधी फडक्यातून दोनदा गाळला हुता."

"फडकं कुणी धरलं?"

"म्या," रंगुबाई नाइलाजानं म्हणाल्या.

"मग?"

"नानांनी पूजा केली. हळदकुंकू, नारळ, वाटीभर सॉसचा नैवेद्य. मग बाटल्या लावल्या."

"कालच्या मशीनची पूजा?"

"काल नाना कीर्तनाला गेल्ते."

मांडणीवर एक स्टीलची वाटी पालथी होती. "मामा, ही नैवेद्याची का?"

"हो. मीच धुतली."

"प्रसाद कसा होता, रंगुबाई?"

"खोबरं लई गोड हुतं."

पाच वाजता सगळ्या बायका जमल्या. पंकजा उभी राहिली.

"पाण्यावर मशीन नीट चाललं. सॉस दोनदा गाळलेला, आणि तो रंगुबाईंच्या डोळ्यांसमोर. चकती जागेवर. तरी बाटल्या कमीजास्त आणि तोटी ठिबकते, म्हणजे आतली झडप पुरती मिटत नाही. काहीतरी अडकलंय, आणि ते गाळल्यानंतर पडलंय. आता सांगा, खोबरं सगळ्यांनी खाल्लं. वाटीतला सॉस कुणी खाल्ला?"

एकेकीनं नकारार्थी मान हलवली.

"कुणीच नाही. लहानपणापासून मी बघते, नैवेद्य दाखवला की मामा तो परत भांड्यात मिसळतात, म्हणजे सगळ्यालाच प्रसादाचा गुण येतो. आणि तुळशीवाचून त्यांचा नैवेद्य होत नाही. करण, खोल."

झडपेत तुळशीची काडी आडवी बसली होती.

काल कीर्तनात बुवांनी निरपराध्यावर आळ घेणाऱ्या सावकाराची गोष्ट लावली होती. डोळे पुसत मामांनी त्या सावकाराला मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या.

"पोरी," ते म्हणाले, "तू झाकण उघडलंस ते म्या सांगितलं. तुझ्यामागं म्याबी उघडलं, ते न्हाई सांगितलं. देवाचं काम, ते कशाला मोजायचं, असं वाटलं. गटातनं काढायचं तर मला काढा."

"तुम्ही गटात हायेतच कुठं, नाना?" रंगुबाई म्हणाल्या, पण आवाज मघासारखा नव्हता.

स्नेहल उठली. "मला तर हेच मशीन हवं हुतं. भावाच्या मशीनची तोटी बारीक. आपुन पुढं चटणीबी भरनार, तिच्यातला लसूण त्या तोटीत अडकंल. त्याला वाईट वाटंल म्हनून गप्प बसले."

करणनं झडप धुतली. बाटल्या भरल्या, सगळ्या एका पातळीत.

स्नेहलनं ती वाटी सॉसनं भरून मामांपुढं धरली. "नैवेद्य दाखवा नाना. पन वाटी आमच्यात फिरवा."

मामांनी हात जोडले. पहिला प्रसाद तिच्याच तळहातावर ठेवला. तिच्याकडं मात्र त्यांना बघवलं नाही.