पाण्याची बरणी

दर सोमवारी सकाळी आठला, पहिला पेशंट आत घेण्याआधी ती मशीनच्या टेबलावर पाण्याची बरणी ठेवायची. फुप्फुसांतून रक्त किती वाहतं ते मोजणारं ते मशीन. बंद बरणीतलं पाणी कुठे वाहणार? आकडा शून्य आला की काम सुरू. ती सगळं तीन-तीनदा तपासायची, म्हणून विभागात तिला ‘मोजणीबाई’ म्हणत आणि मनातून तिला ते आवडायचं.

त्या सोमवारी आकडा आला आठ.

पाणी हललं असेल म्हणून ती थांबली, पुन्हा मोजलं. आठच. पडद्यावर पाण्यात एक बारीक धार वर चढत होती, ठरावीक वेळाने थबकत होती. तिने रीतसर लेखी तक्रार केली आणि कामाला लागली.

दुपारी तिच्या वडिलांची दुसरी तपासणी होती. जिना चढताना धाप लागते म्हणून आठवड्यापूर्वी तिनेच त्यांना आणलं होतं, तेव्हा सगळं ठीक निघालं होतं. आता डाव्या फुप्फुसातला प्रवाह शंभरात आठने कमी. गाठ नाही, अडथळा नाही. डॉक्टर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. बाबा मात्र मजेत होते. “तुझ्या मशीनला सांग, म्हाताऱ्याची थट्टा करू नकोस,” म्हणाले आणि पायमोजे शोधू लागले.

पुढच्या सोमवारी बरणी एकोणीस. बाबाही एकोणीसने कमी.

कुणाला सांगावं तर वेड्यातच काढतील. तिने बाबांची पहिली तपासणी उघडली. त्यांच्या कुशीशी, पांघरुणाखाली, एक गोल पांढरं काहीतरी दिसत होतं. त्या दिवशी बाबा आत जाणार म्हणून ती इतकी धास्तावली होती, की टेबलावरची बरणी उचलायचीच राहिली होती. तीन-तीनदा तपासणाऱ्या बाईकडून! तिला स्वतःची भयंकर चीड आली.

मग एकच उपाय सुचला. शुक्रवारी बाबांना पुन्हा आत घ्यायचं, बरणी तशीच कुशीशी ठेवायची. गेलेलं कदाचित त्याच वाटेने परत येईल.

शुक्रवारी बाबांना बाहेर बाकावर बसवून ती आत आली. इंजिनिअर हात पुसत होता.

“तुमची तक्रार मिटवली, मॅडम. नवी बरणी लावलीये. बघा, शून्य.”

“आणि जुनी?”

“पाणी ओतून दिलं. दहा मिनिटं झाली असतील.”

जुनी बरणी बेसिनशेजारी उघडी ठेवली होती. रिकामी. तिच्या काचेवर आतून वाफ धरली. विरली. तिने सवयीने मोजलं, चार आकडे झाले आणि पुन्हा धरली.

ती वळली. दाराच्या काचेतून बाबा दिसत होते. तिला पाहून ते हसले, हात हलवला.

त्यांची छाती हलत नव्हती.

इंजिनिअरने जुनी बरणी बंद करायला तिचं झाकण उचललं.

“झाकू नका,” ती म्हणाली.

वाफ विरली. ती मोजू लागली. चार झाले. पाच झाले.

सहा झाले.