शनिवारची ती

लिफ्ट बंद होती आणि ती दुसऱ्या मजल्यावरच्या पायरीवर मटकन बसली होती. पुस्तकं छापण्याआधी त्यातल्या चुका शोधायचं तिचं काम, कचेरी चौथ्या मजल्यावर. वरचे दोन मजले आज नको नको वाटत होते.

"मॅडम, वाट अडवलीत की," लिफ्ट दुरुस्त करायला आलेला तो म्हणाला. हातात पाना, गालावर ग्रीस.

"तुमची लिफ्ट चालली असती तर अडवली नसती."

"माझी कुठली? मी नुसते तिचे रुसवे काढतो."

"मग काढा की लवकर!"

झालं! त्यानंतर त्या लिफ्टची तपासणी फारच वारंवार होऊ लागली. तपासणीतून गप्पा, गप्पांतून शनिवारची संध्याकाळ, नदीकाठचा बाक... तिथं ती भरभरून बोलायची, खळखळून हसायची.

"तुझी बॅटरी कधी उतरत नाही का गं?" तो विचारायचा. ती मान फिरवून पाण्याकडे बघायची.

उतरायची हो! तिला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार होता. रात्रभर झोपूनही सकाळी अंग शिशाचं असायचं. शुक्रवारी कामावरून आली की ती जी आडवी व्हायची ती शनिवारी दुपारपर्यंत. भांडं विसळायचं नाही, केस विंचरायचे नाहीत. सगळं बळ त्या बाकासाठी. आणि रविवार अंथरुणात.

"सांगून टाक त्याला," तिच्यासोबत राहणारी ताई करवादायची.

"सांगितलं की कीव करेल. कीव नकोय मला, ताई... तो हवाय."

एका शनिवारी उठता उठता तो म्हणाला, "उद्या आईनं जेवायला बोलावलंय तुला."

ती हो म्हणून बसली! रविवारी जिद्दीनं उठली, आणि त्याच्या आईसमोर नीटनेटकं दिसावं म्हणून कढत पाण्यानं न्हायली. या आजारात उष्णता सोसत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. न्हाणीतून ती भिंत धरत बाहेर आली आणि ओल्या केसांनी पलंगावर कोसळली. फोन वाजत राहिला. "उचलू नकोस," एवढंच ती ताईला म्हणू शकली.

दुपारी तो स्वतःच आला, तणतणत. "आई ताटं मांडून बसलीय. यायचं नव्हतं तर सरळ सांगायचं!"

मग तिनं सांगितलं. थांबत, धापा टाकत... आजाराचं नाव, हा झोपेनं न जाणारा थकवा, सगळं.

"शनिवारी तुला दिसते ना, ती मी आठवडाभर साठवलेली असते," ती म्हणाली. "एरवी मी ही अशी."

जेवायला जाण्यासाठी तिनं खुंटीवर काढून ठेवलेल्या इस्त्रीच्या कपड्यांकडे तो बघत राहिला. मग निघून गेला.

सोमवारी तिनं रजा टाकली. ताईनं भरवलेले चार घास कसेबसे गिळले. तो गेला, आता येत नाही, असं तिनं मनाला बजावून टाकलं. रडायलाही बळ लागतं, तेही नव्हतं.

मंगळवारी दार वाजलं. तो आत आला, खुर्ची ओढून पलंगाशी बसला.

"आज बोलणं जमणार नाही मला," ती कुजबुजली.

"नको बोलूस. शनिवारची पाहिलीय. मंगळवारची बघायला आलोय."

तिनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. केस विस्कटलेले, ओठ कोरडे. लाज वाटली तिला.

"आई काय म्हणाली?"

"घाबरलीय. म्हणाली, नीट विचार कर."

"मग?"

"करतोय ना... इथं बसून."

"घाबरलास तू पण?"

"हो," तो म्हणाला. "खूप."

खोटा धीर त्यानं दिला नाही, म्हणूनच तिला भरून आलं. त्यानं उठून खिडकीचा पडदा ओढला, ऊन अडवलं आणि पुन्हा बसला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिनं त्याच्यासमोर डोळे मिटले.